बटणामागची कमांड दिसायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सर्व्हर सांभाळायला आता कमांड पाठ कराव्या लागत नाहीत, ब्राउझर पुरतो’ अशा आशयाचा लेख आपल्या अंकात वाचला. मी 24 वर्षं एआयएक्स आणि सोलारिस या युनिक्स प्रणालींचे सर्व्हर सांभाळते आहे. वेब कन्सोलला, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या पानांना, माझा विरोध नाही, मी स्वतः तो रोज वापरते. पण त्यातली सगळ्यात मोठी उणीव, म्हणजे बटणामागे कोणती कमांड चालते ते दिसत नाही ही, लेखात आलीच नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. डेटाबेसच्या एका फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली ठेवायला आखून दिलेल्या भागात) जागा कमी पडत होती. रात्रपाळीला नवा सहकारी होता. त्याने वेब कन्सोल उघडून ‘40 जीबी वाढवा’ असं भरलं आणि बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र बराच वेळ फिरलं आणि मग टाइमआउटचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही असा, संदेश आला. काम झालं की नाही, कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्याने पुन्हा बटण दाबलं. प्रत्यक्षात दोन्ही वेळा काम झालं होतं. 40 च्या जागी 80 जीबी गेले आणि व्हॉल्यूम ग्रुपमधली, म्हणजे सगळ्या फाइल सिस्टिमना जिथून जागा मिळते त्या डिस्कच्या सामाईक साठ्यातली, शिल्लक जागा संपली. पहाटे डेटाबेसच्या लॉगची (बदलांच्या नोंदींची) फाइल सिस्टिम भरली, तेव्हा ती वाढवायला काही उरलंच नव्हतं. डेटाबेस थांबला.

मला साडेचारला फोन आला. पहिला पाऊण तास ‘नेमकं काय केलंस?’ हे शोधण्यातच गेला. ‘मॅडम, मी फक्त बटण दाबलं’ हे त्याचं उत्तर अगदी खरं होतं. त्याला त्याहून जास्त काही दाखवलंच गेलं नव्हतं.

त्या बटणामागे सीएचएफएस ही फाइल सिस्टिमचा आकार बदलणारी कमांड चालते. तिच्यात आकड्याआधी अधिक चिन्ह असेल, तर आहे त्यात 40 जीबी मिळवले जातात. चिन्ह नसेल, तर एकूण आकार 40 जीबी करा असा अर्थ होतो. म्हणजे चिन्हाशिवायची कमांड चुकून दोनदा दिली तरी बिघडत नाही, चिन्हासकट दिली की दरवेळी भर पडते. ते एक अधिक चिन्ह डोळ्यांना दिसलं असतं, तर दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी त्याचा हात नक्की थबकला असता.

आणि कमांड आधी दाखवायची ही सोय काही नवी मागावी लागणारी नाही. एआयएक्सवर कित्येक वर्षांपासून स्मिट ही मेनूतून कामं करायची सोय आहे. तिचा साधा, अक्षरांचा अवतार म्हणजे स्मिटी. मेनूतून काम निवडायचं, रकाने भरायचे आणि एंटर दाबण्याआधी एफ6 दाबायचं. कोणती कमांड चालणार आहे, ती जशीच्या तशी समोर येते. (टर्मिनलवर एफ6 चालत नसेल तर एस्केप आणि मग 6.) केलेल्या प्रत्येक कामाची कमांड आपल्याच होम डिरेक्टरीतल्या स्मिट.स्क्रिप्ट या फाइलमध्ये तारीखवेळेसह लिहिली जाते, तिचं आउटपुट स्मिट.लॉगमध्ये जातं. माझं निम्मं एआयएक्स मी या दोन फाइली वाचून शिकले. आज मेनूतून केलेलं काम उद्या त्याच फाइलमधून उचलून दहा सर्व्हरवर स्क्रिप्टने करायचं, असं आम्ही शिकत गेलो. मेनूमुळे कमांड विसरायला झाली नाही, उलट कळत गेली.

ब्राउझरमधून हे जमत नाही असंही नाही. 1997 पासून असलेल्या वेबमिन या वेब कन्सोलमध्ये कोणी काय बदललं याची नोंद पाहायची सोय आहे. वेबमिनचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगायला हवं. त्याच्या 1.890 ते 1.920 या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मागचा दरवाजा (बाहेरच्याला चोरून आत शिरता येईल असा छुपा कोड) घुसवून ठेवला होता, हे 2019 मध्ये उघड झालं. अशी पानं रूटच्या, म्हणजे सर्व्हरवर काहीही करता येणाऱ्या मुख्य खात्याच्या, अधिकाराने चालतात. त्यामुळे वेब कन्सोल कोणताही असो, तो इंटरनेटवर उघडा ठेवू नये. व्यवस्थापनाचं नेटवर्क वेगळं असावं, बाहेरून यायचं तर एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे सांकेतिक रूपात जाणाऱ्या सुरक्षित जोडणीतून, यावं. त्यावर आपण वेगळा लेख छापावा, अशी विनंती.

आमच्याकडे त्या पहाटेनंतर दोन नियम झाले. टाइमआउट आला की पुन्हा बटण दाबायचं नाही, आधी टर्मिनलवर डीएफ या कमांडने फाइल सिस्टिमचा आकार बघायचा. आणि डिस्कला हात लावणारं काम असेल, तर चालणारी कमांड आधी कामाच्या नोंदीत उतरवायची. जो कन्सोल ती दाखवत नाही, त्यातून डिस्कचं काम करायचं नाही. नव्या वेब कन्सोलची खरेदी करणाऱ्यांनी विक्रेत्याला प्रात्यक्षिकाच्या वेळीच एक फाइल सिस्टिम वाढवायला लावावी, बटण दाबण्याआधी कमांड दाखवायला सांगावं आणि काम चालू असताना मुद्दाम ब्राउझर बंद करून, परत लॉगिन केल्यावर त्या कामाचं काय झालं हे कुठे दिसतं, ते विचारावं.

आपली,
एक युनिक्स सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर