तक्रार पत्र: फवारणी गन उघडते, पण तिचा दुरुस्ती संच तिलाच बसत नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (फवारणी पंप व सुटे भाग)

विषय: एचटीपी (जास्त दाबाच्या फवारणी) पंपाची ९० सेंटिमीटर लांबीची पितळी गन आणि तिच्यासोबत विकला जाणारा दुरुस्ती संच एकमेकांशी न जुळण्याबाबत.

महोदय,

देवगड तालुक्यातील आम्ही काही आंबा बागायतदार आणि पंप दुरुस्तीचे काम करणारे मिळून हे पत्र लिहीत आहोत. आपली गन घेण्याचे कारण खोक्यावरच छापलेले आहे: "पूर्ण उघडते, झिजलेला प्रत्येक भाग बदलता येतो." बाजारातल्या स्वस्त गनचे तोंड दाबून बसवलेले असते, आतली फिरकी (पाण्याला गोल फिरवणारा भाग) झिजली की अख्खी गन भंगारात. त्यामुळे उघडणारी गन ही कल्पना आम्हाला पटली, आजही पटते. गन नवी असताना तिच्याबद्दल तक्रारही नाही. मूठ फिरवली की आतला दांडा पुढे-मागे सरकतो, फिरकी तोंडाच्या भोकाच्या चकतीजवळ आली की रुंद धुके पडते, मागे गेली की सरळ धार उंच कलमाच्या (कलमी आंब्याच्या झाडाच्या) शेंड्यापर्यंत पोचते. तक्रार सुरू होते संच फोडल्यावर.

आधी चकती. संचात १.२, १.५ आणि १.८ मिमी असे शिक्के मारलेल्या तीन चकत्या आहेत. मोजायला फार साहित्य लागत नाही, ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी पुरते. १.५ च्या चकतीत १.५ ची दांडी जायला हवी आणि १.६ ची अडायला हवी. आपल्या चकतीत १.६ सहज जाते आणि १.७ चीही थोडा जोर दिल्यावर जाते. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण दाब तोच ठेवला तर पाणी भोकाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.५ ऐवजी १.७ म्हणजे साधारण २८ टक्के जास्त पाणी. नव्या नोझलपेक्षा १० टक्के जास्त पाणी पडू लागले की ते बदलावे, असा सर्वमान्य नियम आहे. त्या हिशेबाने १.५ चे भोक १.५७ झाले की चकती बाद. म्हणजे जी चकती आम्ही झिजली म्हणून काढतो, तिच्यापेक्षा आपली कोरी चकती जास्त झिजलेली.

याचा बागेतला अर्थ असा. मोठ्या कलमाला १२ लिटर द्रावण धरले, तर २०० लिटरच्या पिंपात १६ कलमे व्हायला हवीत. गडी नेहमीच्या वेळेत, नेहमीच्या चालीने फवारत गेला तर या चकतीवर पिंप तेराव्या कलमाला संपते. औषध वाया जाते ते वेगळेच. थेंब जाड पडतात, मोहोरावर टिकत नाहीत, ओघळून खाली गळतात. तुडतुडा मोहोराच्या दांड्यांत आणि खोडाच्या सालीत लपतो, भुरी (पांढरी बुरशी) तर तुऱ्याच्या प्रत्येक फांदीवर बारीक थर बसल्याशिवाय आटोक्यात येत नाही. दोन्हीसाठी बारीक धुके लागते. जाड थेंबाने झाड भिजलेले दिसते, एवढेच.

चकतीचा दुसरा दोष बाहेरच्या मापात आहे. टोपीतली बैठक १५ मिमीची, संचातली चकती १४.५ ची. ती मधोमध बसत नाही, आवळताना एका बाजूला सरकते, आणि धुक्याचा शंकू एका अंगाने दाट, दुसऱ्या अंगाने विरळ पडतो. खात्री करायची तर साधे पाणी २० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबावर कोरड्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीवर दोन सेकंद मारावे. ओला डाग गोल आणि सारखा उमटला पाहिजे. आपल्या चकतीचा डाग चंद्रकोरीसारखा येतो. मूळ चकती परत घातली की त्याच गनचा डाग गोल येतो, म्हणून दोष दांड्यात किंवा फिरकीत नाही.

आता रबरी रिंग, आणि ही बाब आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. दांड्यावरची मूळ ओ-रिंग २.४ मिमी जाडीची आहे. खाच आणि नळीची भिंत यांत २.१ मिमी जागा आहे, म्हणजे रिंग सुमारे १२ टक्के दाबली जाते आणि पाणी अडते. हे माप बरोबर आहे, ज्याने गन आखली त्याला काम कळत होते. संचातली रिंग मात्र २.० मिमीची. ती दाबलीच जात नाही. १० किलोला थेंब येतात, ३० किलोला मुठीतून धार लागते. ती धार कुठे जाते? कलमावर चढलेल्या गड्याच्या हातावर, बाहीतून कोपरापर्यंत. खोक्यावरचा हसरा माणूस तर हातमोज्यांशिवायच गन धरून उभा आहे, तो फोटोही बदलावा. बाजारातली २.६ ची रिंग घातली तर मूठ फिरत नाही, आणि जबरदस्तीने फिरवली की रिंग खाचेच्या काठावर कापली जाते. तोही उपाय नाही.

रिंगचे रबरही चुकीचे निवडले आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या मोहोर संरक्षण वेळापत्रकात सुरुवातीलाच डेल्टामेथ्रीन २.८ टक्के (१० लिटर पाण्यात ९ मिली) आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के (६ मिली) येतात. ही ईसी प्रकारची (पाण्यात मिसळताच दुधाळ होणारी) औषधे असतात, त्यांत तेलकट द्रावक असतो आणि साधे नायट्राइल रबर त्यात फुगते. फुगलेली रिंग सुरुवातीला गळती थांबवते, म्हणून फसायला होते. वाळली की आक्रसते, कडक होते आणि पुढच्या फवारणीला आधीपेक्षा जास्त गळते. व्हायटॉनची रिंग या द्रावकात टिकते. ती महाग असते हे मान्य, पण एका गनला लागतात किती? आपणच शेतीच्या औषधांसाठी म्हणून गन विकता, तेव्हा पाण्याच्या नळाची रिंग घालून चालणार नाही.

तोंडाची टोपी मूळ गनवर पितळी आहे, संचातली मात्र मुलामा दिलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची. घाटावर ती कदाचित निभावेल. किनाऱ्यावर खाऱ्या हवेत पितळ आणि जस्त एकत्र आले की जस्त खाल्ले जाते. आट्यांत पांढरी भुकटी धरते, टोपी नळीवर जाम होते, आणि पान्याने जोर दिला की टोपी फुटते किंवा पितळी आटे सोलून निघतात. मग खरोखरच अख्खी गन जाते. "झिजलेला प्रत्येक भाग बदलता येतो" या वाक्याचा शेवट असा होतो.

गाळणीबद्दल थोडक्यात: तिच्या जाळीची भोके १.६ मिमीची आहेत. १.२ च्या चकतीपुढे त्या गाळणीचा उपयोग काय? कातळावरच्या विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्यात जांभ्याची बारीक कच असते. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक (१० लिटरला २० ग्रॅम, म्हणजे पिंपाला ४०० ग्रॅम) वापरले की तीही भर पडते. आम्ही गंधक आधी बादलीत कालवून फडक्यातून गाळून घेतो, तरी गाळणी तिचे काम करणारी हवी.

माहितीपत्रकात दोन गोष्टी तातडीने दुरुस्त करा. त्यात भोक तुंबल्यास "तारेने साफ करावे" असे लिहिले आहे. पितळी चकतीत पोलादी तार घातली की भोक मोठे आणि वेडेवाकडे होते. वर सांगितलेला सगळा त्रास मग ग्राहक स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. माडाच्या पातीची हीर किंवा जुना दात घासायचा ब्रश पुरतो. तोंडाने फुंकू नये, हेही छापा. दुसरी गोष्ट जिवाची आहे. टोपी उघडण्यापूर्वी दाब काढण्याबद्दल पत्रकात अक्षर नाही. इंजिन बंद केले तरी १०० मीटर नळीत दाब राहतो. इंजिन बंद, पंपाचा बायपास (पाणी परत पिंपात सोडणारी वाट) उघडा, मग गनचा कॉक जमिनीकडे धरून धार पूर्ण थांबेपर्यंत उघडा, आणि त्यानंतरच टोपीला पाना लावा, हा क्रम मराठीत आणि ठळक अक्षरांत हवा. एवढ्या दाबाखाली सुटलेली टोपी डोळा घेऊन जाईल.

संचाच्या पिशवीवर उत्पादकाचे नाव नाही, पत्ता नाही, किंमत नाही, कोणत्या देशात बनला तेही नाही. वेष्टित वस्तूंवर हा तपशील छापणे बंधनकारक आहे हे आपणास ठाऊक असेलच. यावरून आमचा अंदाज असा की गन एका कारखान्यात बनते आणि संच दुसरीकडून ठोक आणला जातो, आणि दोन्ही एकत्र बसवून पाहण्याची तसदी कुणी घेतलेली नाही. अंदाज चुकीचा असेल तर तसे कळवा, पण मापांसह.

ग्राहक सेवेच्या फोनवर उत्तर मिळाले की "पूर्ण हेड (गनचा तोंडाकडचा अख्खा भाग) बदलून घ्या." पूर्ण हेडच घ्यायचे होते तर आम्ही न उघडणारी स्वस्त गन घेतली असती.

आमच्या मागण्या अशा आहेत. विकलेल्या सर्व संचांच्या बदल्यात मूळ गनच्या मापाचे संच विनामूल्य द्यावेत: चकती स्टेनलेस स्टीलची किंवा सिरॅमिकची, १५ मिमी बाहेरच्या मापाची, रिंग २.४ मिमीची व्हायटॉनची, टोपी पितळी. ते शक्य नसेल तर संचाचे पैसे परत करावेत आणि सगळ्या भागांची मापे छापून द्यावीत. मापे मिळाली तर रिंग आणि चकत्या आम्ही बाहेरून मिळवू, तेवढी जाण इथल्या पंप दुरुस्तीवाल्यांना आहे. मापे लपवण्यात कंपनीचा काय फायदा, हे आम्हाला समजलेले नाही. गाळणी १ मिमीपेक्षा बारीक जाळीची द्यावी. आणि जुना संच दुकानांतून परत मागवावा, कारण दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत मोहोर येण्याच्या दिवसांत तोच खपतो.

उत्तराची मुदत आमच्या सोयीने नाही, झाडाच्या सोयीने ठरते. मोहोर बोंगे (कळे) फुटण्याच्या अवस्थेत आला की दुसरी फवारणी आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने पुढच्या. म्हणून हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे खर्चाला घाबरून आम्ही थांबू असे समजू नये. केंद्र सरकारच्या दुरुस्तीच्या हक्काच्या उपक्रमात शेती अवजारे हे क्षेत्र घेतलेले आहे, तिकडेही या संचाची माहिती देऊ.

पत्रासोबत मूळ चकती (लाल खूण) आणि संचातली चकती (खूण नसलेली), दोन्ही जाडीच्या रिंग, आट्यात फुटलेली टोपी, भिंतीवरच्या डागांचे फोटो आणि खरेदीच्या पावतीची प्रत पाठवत आहोत. आपल्या तंत्रज्ञाला प्रत्यक्ष पाहायचे असल्यास सकाळी लवकर पाठवावे. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की आम्ही फवारणी बंद करतो, आणि वाऱ्यात शंकू सरळ पडतो की नाही हे त्यालाही दिसणार नाही.

कळावे,

आपले ग्राहक,
आंबा बागायतदार व पंप दुरुस्ती कारागीर,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग