कबड्डी टीम्सनी आमच्यासारख्यांनाही मैदानात घ्यावं

संपादक महोदय,

प्रो कबड्डी सुरू झाली की आमच्या सोसायटीत रात्री टीव्हीसमोर गर्दी, पुणेरी पलटणच्या प्रत्येक रेडला आरडाओरडा आणि पुढ्यात भजी नि कोल्ड्रिंक, त्यात निम्मे चाळिशीपुढचे, कुणाला बीपी कुणाला शुगर. या मंडळींना जिममध्ये जायची लाज वाटते, डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत, पण आवडत्या टीमनं बोलावलं तर धावत जातील, खरंच जातील.

स्कॉटलंडमध्ये हे करून झालंय. तिथल्या फुटबॉल क्लबांनी ३५ ते ६५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांना थेट आपल्या ग्राउंडवर बोलावलं, १२ आठवडे, दर आठवड्याला दीड तास, खाण्यापिण्यावर गप्पा आणि क्लबच्याच कोचकडून व्यायाम, शिवाय रोजची पावलं मोजायला कमरेला छोटं यंत्र. १३ क्लबांत ७४७ जणांवर नीट चाचणी झाली, २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, वर्षानंतरही भाग घेतलेल्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा सरासरी जवळपास ५ किलोनं जास्त उतरलेलं होतं! सगळं आपल्या लाडक्या क्लबच्या ग्राउंडवर, म्हणून तर लोक टिकले.

आपल्याकडे तर कबड्डीला मॅट सोडली तर काही लागतच नाही, आणि गल्लोगल्ली मंडळं आहेत. पलटण, यू मुंबा आणि या मंडळांनी मिळून सीझन नसताना आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी, आधी बीपी तपासून मगच घाम गाळायला लावावं, आणि बायकांची बॅच पहिल्या दिवसापासून हवी, नंतर बघू असं नको.

एक कबड्डीप्रेमी वाचक, पुणे