पीसी की प्लेस्टेशन: मंग्यास पत्र

सांगली,
रविवार

प्रिय मंग्या,

बोनस हातात आलाय, तुझी लेक ओवी सहावीत गेलीय, घरात गेमिंगसाठी काहीतरी घ्यायचंय, तर प्लेस्टेशन ५ घेऊ की पीसी, एवढंच तू फोनवर विचारलंस. तिथंच एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झालो असतो, पण साठ हजारांचा मामला आहे आणि हा विषय माझ्या किती जिव्हाळ्याचा आहे हे तुला ठाऊक आहे. म्हणून आज सुट्टी बघून लिहायला बसलोय. चहा घे आणि सावकाश वाच.

आधी तुझ्या ऑफिसातल्या त्या पोराचं म्हणणं घेऊ. एवढ्या पैशात प्लेस्टेशनच्या तोडीचा पीसी उभा राहत नाही, असं तो म्हणतो ना? बरोबर बोलतोय. प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडीचा आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर आहे, १६ जीबी जीडीडीआर६ मेमरी आहे आणि पहिल्या मॉडेलची ८२५ जीबीची एसएसडी, म्हणजे गेम साठवायची जागा, सेकंदाला साडेपाच जीबी वाचते. आपल्याकडं तो २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. नंतर भाव वाढला, पण त्या वेळी तेवढ्या पैशात नुसतं एक बरं ग्राफिक्स कार्ड यायचं, कारण ती कार्डं राबवून क्रिप्टो नाणी कमावणाऱ्या मायनिंगवाल्यांनी बाजार धुऊन नेला होता.

मग कंपन्यांना हे परवडतं कसं? तर मशीनवर त्या फारसं कमवतच नाहीत. २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांचा खटला चालला, त्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर त्यांनी कधीच नफा कमावलेला नाही. कमाई पुढं होते, गेममधून. त्यांच्या दुकानातून विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रत्येक गेममागं त्यांचा वाटा असतो, साधारण तीस टक्के. प्लेस्टेशन ५ वर सोनीचा नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना लागलेला आपण बघितलाय. शिवाय फुकटचे गेम सोडले तर ऑनलाईन खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी. पीसीवर ऑनलाईन खेळायची अशी वर्गणी नाही.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाईन दुकानात २०१५ पासून रुपयांत भाव आहेत. दोन-तीन वर्षं जुना गेम सेलमध्ये निम्म्याहून खाली येतो. घेतलेला गेम आपल्या मशीनवर नीट चालला नाही तर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला, तर पैसे परत मिळतात. एपिकनं तर २०२० च्या मे महिन्यात जीटीए ५ चक्क फुकट वाटला होता, लॉकडाऊनमध्ये अख्खी सांगली तोच डाऊनलोड करत असावी असं वाटायचं. मात्र एक गोष्ट कन्सोलच्या, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या फक्त गेमसाठीच्या मशीनच्या, पारड्यात टाकलीच पाहिजे. डिस्क असली की खेळून झालेला गेम विकता येतो, दोस्ताला देता येतो. आमच्या विश्रामबागेतल्या पोरांचा डिस्क अदलाबदलीचा व्यवहार जोरात चालतो, एकाची डिस्क पार मिरजेपर्यंत जाऊन येते. स्टीमवरचा गेम एकदा घेतला की आपल्याच खात्यावर राहतो, तो कुणाला विकता येत नाही. ज्याला गोष्टीचे मोठे गेम एकदाच खेळायचेत, त्याला डिस्कवाला कन्सोल खरोखर स्वस्त पडतो.

पण मंग्या, मी पीसीचा आहे तो पैशामुळं नाही. गावभागात तुमच्या माडीवर क्रिकेट ०७ चालायचा, आठवतंय का? काकू खालून जेवायला हाका मारायच्या आणि तू शेवटची ओव्हर, शेवटची ओव्हर करत बसायचास. तो गेम ईए कंपनीनं २००६ च्या नोव्हेंबरात काढला, प्लेस्टेशन २ वर आणि पीसीवर. त्यानंतर ईएनं पीसी-कन्सोलवर क्रिकेटचा गेम काढलाच नाही. म्हणजे कंपनीच्या लेखी तो विषय तिथंच संपला. आयपीएल सुरू झाली २००८ साली, गेम आल्यावर दीड वर्षानं. तरी आज आमच्या शेजारचा बारावीतला पोरगा त्याच क्रिकेट ०७ मध्ये आयपीएल खेळतो. चेन्नईची पिवळी जर्सी, मुंबईची निळी, नवी मैदानं, नव्या बॅटा, यंदाच्या लिलावानंतरच्या टीम, सगळं आहे. हे केलं कुणी? गेमच्या फोल्डरमध्ये शिरून पोरांनीच. टेक्श्चरची, म्हणजे वरच्या चित्राची, फाईल उघडायची, शर्टावरची नक्षी बदलायची, खेळाडूंची यादी नव्यानं भरायची आणि परत त्याच जागी ठेवायची. भारतात नि पाकिस्तानात कोण कुठली पोरं वर्षानुवर्षं हे काम करत आलीत, एक पैसा न घेता. प्लेस्टेशन २ ची डिस्क ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं अजूनही २००६ सालच चालू आहे.

गेममध्ये असा बाहेरून केलेला बदल म्हणजे मॉड. आणि हे हौशी पोरांपुरतं नाही. कॉलेजच्या दिवसांत कॅफेत आपण ज्या काउंटर-स्ट्राईकपायी तास बुडवले, तोही मूळचा दोन पोरांनी हाफ-लाईफ या गेमवर केलेला मॉडच. १९९९ मध्ये त्यांनी तो फुकट सोडला आणि पुढं व्हॉल्व्ह कंपनीनं तो विकत घेऊन त्यांनाच कामावर घेतलं. डोटा हा गेमही असाच वॉरक्राफ्ट ३ या गेमच्या मॉडमधून निघाला. पबजीची मुळंसुद्धा आर्मा या गेमवरच्या मॉडमध्ये आहेत. सातारा-सांगलीतल्या ज्या पोरांनी पबजी फक्त मोबाईलवर बघितलाय, त्यांना हे सांगितलं की खरं वाटत नाही.

मॉड कन्सोलवर अजिबात नसतात असं नाही, काही गेमना असतात. पण कंपनी परवानगी देईल तेवढेच.

आता दुरुस्तीचं. आपल्या भागात याला फार किंमत आहे. माझा पीसी २०१८ चा. बी४५० चा मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि सेकंडहँड जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. आज त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसलाय आणि जीटीएक्स १०६० च्या जागी आठ जीबीचं आरएक्स ६६०० आहे. कॅबिनेट तेच, वीज पुरवणारा एसएमपीएस तोच, रॅम तीच. नवा प्रोसेसर ओळखू यावा म्हणून आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागलं. त्या दोन-तीन मिनिटांत लाईट गेली तर बोर्ड कायमचा मरू शकतो. यूपीएसची बॅटरी आधी तपासली, घरातल्यांना इस्त्री-गीझर लावू नका म्हणून बजावलं, आणि स्क्रीनवरची टक्केवारी शंभरावर जाईपर्यंत जागचा हललो नाही. जुना प्रोसेसर विकला, त्याचे थोडे पैसे नव्यात घातले.

उसाचं पाचट जाळायला लागले की आमच्याकडं काळी काजळी उडत येते, तुमच्याकडं कराडच्या बाजूला तर विचारायलाच नको. हंगाम संपला की मी कॅबिनेटचं झाकण काढतो. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये ती काजळी धुळीसोबत नमद्यासारखी बसलेली असते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो उलटा-सुलटा भिरभिरून खराब होतो. मग जुनी थर्मल पेस्ट पुसायची, मटारच्या दाण्याएवढी नवी लावायची, की प्रोसेसरचं तापमान लगेच खाली येतं. हे सगळं चार स्क्रूच्या कामात होतं आणि ओवीलाही शिकवता येईल. प्लेस्टेशन ५ मध्ये प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. थंड ठेवायला तो उत्तम, पण सांडला तर शॉर्ट करतो, म्हणून साधा दुरुस्तीवाला त्याला हात घालायला धजत नाही. मूळ मॉडेलचा डिस्क ड्राईव्ह तर मदरबोर्डशी बांधलेला आहे, दुसऱ्या प्लेस्टेशनचा काढून लावला तर गेमची डिस्क चालत नाही. २०१९ च्या महापुरात हरभट रोड, मारुती चौक पाण्यात गेले तेव्हा किती घरांतले कॉम्प्युटर भिजले. आमच्या ओळखीच्या एकानं चिखल भरलेलं कॅबिनेट दुकानात नेलं. बोर्ड गेला, एसएमपीएस गेला, पण जे वाचलं ते सुट्टं काढून नव्या बोर्डावर चढवता आलं. अख्खं मशीन एकच वस्तू असती तर ते गाळासोबत फेकावं लागलं असतं.

पीसीची डोकेदुखी तुझ्यापासून लपवणार नाही. ड्रायव्हर, सेटिंग, नवा गेम लावल्यावर पहिल्या तासात त्याचं मधेच अडखळणं, कारण प्रत्येकाचं कार्ड वेगळं आणि त्याच्यासाठी शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तिथल्या तिथं तयार करावे लागतात. २०२३ च्या मार्चमध्ये लास्ट ऑफ अस पीसीवर आला तेव्हा लोकांचे इतके हाल झाले की मी तो विकत घेतलाच नाही. कन्सोल बनवणाऱ्याला एकच मशीन ठाऊक असतं, सगळी पारख त्याच्यावर होते. अर्थात तिथंही घात होतो. २०२० च्या डिसेंबरात सायबरपंक २०७७ प्लेस्टेशन ४ वर इतका वाईट चालला की सोनीनं तो आपल्या दुकानातूनच काढून टाकला आणि पुढच्या जूनमध्ये परत ठेवला. पण हे अपवादानं. एरवी संध्याकाळी सातारच्या घाटातून थकून घरी आलेल्या माणसानं बटण दाबलं आणि सोफ्यावर टेकून गेम सुरू झाला, हे सुख कन्सोलचंच. जीटीए ६ सुद्धा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झालाय. रॉकस्टारची रीतच आहे ती. जीटीए ५ कन्सोलनंतर दीड वर्षानं पीसीवर आला, रेड डेड रिडेम्प्शन २ एका वर्षानं. तुला थांबवत नसेल तर या एका बाबतीत पीसी तुला रडवेल.

माऊस आणि पॅडच्या, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरच्या, वादात मी पडत नाही. एज ऑफ एम्पायर्स माऊसशिवाय खेळणं मला जमत नाही, फुटबॉल आणि गाड्या पॅडशिवाय. पीसीला दोन्ही लागतात, एचडीएमआयनं टीव्हीलाही जोडता येतो. विषय संपला.

आता ओवी. तू एकटा असतास तर मी दोन ओळींत लिहिलं असतं, प्लेस्टेशन घे आणि मजा कर. पण तू म्हणालास ती दिवसभर चित्रं काढते आणि प्रत्येक गेममध्ये "हे असं का नाही केलं" म्हणून विचारत राहते. मंग्या, हा प्रश्न विचारणाऱ्या पोरीसमोर झाकणबंद डबा ठेवू नकोस. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं राजी नावाचा गेम केलाय, तिला आधी तो दाखव. राजी नावाची डोंबारी मुलगी आपल्या भावाला शोधायला निघते, राजस्थानी वाडे, बावड्या, सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखी गोष्ट सांगायची पद्धत. २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला, मग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. आला कन्सोलवर, पण घडला पुण्यात कॉम्प्युटरवर, अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. तेच इंजिन २०१५ पासून कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. थ्रीडी चित्रं करायचा ब्लेंडर फुकट आहे. गेम बनवायचं गोडो इंजिन फुकट आहे. लहान पोरांना प्रोग्रॅमिंग शिकायला स्क्रॅच आहे, तो तर जुन्या लॅपटॉपवरही चालतो. प्लेस्टेशनवर तू जो कुठला गेम लावशील तो आधी कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर तयार झालेला असतो, आणि तसलं मशीन साताऱ्यात तुझ्या घरी टेबलावर असू शकतं.

आपल्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. गेम म्हणजे अभ्यासाचा शत्रू एवढंच घराघरांत ऐकायला मिळायचं. तुझ्या हाताला जी नक्कल उतरायची, वहीच्या मागच्या पानांवर तू गाड्यांची जी डिझाईनं काढायचास, त्यांचं पुढं काय झालं असतं याचा विचार माझ्या मनात अजून येतो. म्हणून एवढ्या पोटतिडकीनं लिहितोय.

तर माझं मत पीसी. सगळं एकदम नवं घेऊ नकोस. प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी नवी घे. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड चालेल, पण समोर अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि मायनिंगला वापरलेलं आहे का ते स्पष्ट विचारायचं. एसएमपीएसमध्ये मात्र एक रुपया वाचवू नकोस. तो स्वस्तातला घेतला आणि जळला तर सोबत बाकीचंही घेऊन जातो. मॉनिटर सध्या नको, तुमचा टीव्ही आहे. एक पॅड घे, काकांना क्रिकेट खेळायला.

पुढच्या शनिवारी मला दुपारपर्यंत सुट्टी आहे. भाव काढून ठेवलेत, गणपती पेठेतून काही घ्यायचं झालं तर शुक्रवारी रात्री कळव. नाहीतर सामान तिकडं घे आणि जोडायला मी येतो. स्क्रू ओवीच लावेल, तिला आधीच सांगून ठेव.

काका-काकूंना नमस्कार, वहिनींनाही. भडंग घेऊन येतोच.

तुझाच,
अभ्या

ता. क. प्लेस्टेशनच घ्यायचं ठरलं तर डिस्कवाला घे, बिनडिस्कचा डिजिटल नको.