सूचना : नाइटली आणि बीटा वापरणाऱ्यांसाठी

सभासदांनो, फायरफॉक्स ब्राउझरची नाइटली, म्हणजे अजून चाचणीत असलेली आवृत्ती कोणीही उतरवून घेऊ शकतं, नोंदणी वगैरे काही लागत नाही. पण रोजच्या कामासाठी तिच्यावरच विसंबू नका. स्थिर, म्हणजे नेहमीची आवृत्ती शेजारी राहू द्या, दोघी एकत्र नांदतात. प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड वगैरे जिथे साठतात ती) मात्र वेगळी हवी. नाइटलीत उघडलेली प्रोफाइल स्थिर आवृत्ती सहसा स्वीकारत नाही.

अँड्रॉइड बीटाचं, म्हणजे फोनच्या प्रणालीच्या चाचणी आवृत्तीचं प्रकरण जास्त जड. गूगलच्या पिक्सेल फोनवर बीटा मध्येच सोडून स्थिर आवृत्तीकडे परत फिरलात, तर फोनमधला डेटा पुसला जातो. आधी बॅकअप, मग हौस!

दोष कळवताना नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं, तर कोणाला काही कळत नाही. नाइटलीच्या ‘फायरफॉक्सविषयी’ या चौकटीत ‘ए१’ने (a1) संपणारा आवृत्ती क्रमांक आणि पुढे कंसात तारीख दिसते. दोन्ही तक्रारीत जसंच्या तसं लिहा.