सांध्यावरची माती

चि. मंगेश यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या शेतीकाम शिकवणाऱ्या शाळेतून निघालो तो वर्ध्याहून अमरावतीपर्यंत उभ्यानेच आलो. पुढे मोर्शीच्या गाडीत जागा मिळाली. घरी पोचायला साडेनऊ झाले. तुझ्या आईने दारातच विचारलं, "कसा हाय पोरगा?" म्हटलं, "बारीक झाला, पण बरा हाय." तिचं तेवढ्यावर भागलं. माझं काही भागलं नाही. तिथे चारचौघांत बोलता आलं नाही, आणि फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करून ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसलो.

जूनमध्ये तू निघालास तेव्हा मी बोललो ते तुझ्या लक्षात असेलच. "शेतीच शिकाची होती तं घरी काय कमी होतं? वर्षभर तिकडं राहून वखर धराले शिकशीन काय?" तू काही उलटून बोलला नाहीस, पिशवी उचलून स्टँडवर गेलास. पण त्याच्याही आधीचं सांगतो. तू तिसरीत असल्यापासून मी म्हणत आलो, अभ्यास कर, नाही तं वखर हाकशीन. गणितात मार्क कमी पडले की तुला निंदायला लावायचो. शेत म्हणजे शिक्षा, हे तुला घरातच शिकवलं, आणि शिकवलं मीच. बारावीत दोन विषय राहिले तेव्हा तू तीन दिवस कोणाशी बोलला नाहीस. तुला तुरुंगाची शिक्षा झाल्यासारखं वाटलं असेल.

आता रविवारचं. तुमच्या सरांनी आम्हा पालकांना रोपवाटिकेत नेलं आणि डोळा बांधून, म्हणजे कलम करून, दाखवायला तुला पुढे केलं. जांभेरीचं, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम करतात त्या रानलिंबाचं, पेन्सिलीएवढं रोप. जमिनीपासून चांगली वीतभर उंची धरून तू सालीला उभा-आडवा काप दिलास, चाकूच्या मागच्या टोकाने साल हळूच उचललीस, संत्र्याच्या काडीवरचा डोळा आत सरकवलास आणि पट्टी गुंडाळलीस. डोळा तेवढा उघडा. जेमतेम दीड मिनिट लागलं असेल. तुझ्या हातावर मी पाण्याचा ग्लासही कधी सोपवला नाही, सांडशील म्हणून.

मग कोणीतरी विचारलं, एवढ्या वर कशाला बांधायचा? तू म्हणालास, "कलमाचा सांधा मातीत गेला की डिंक्या रोग लागतो." माझ्याकडे पाहिलंस आणि लगेच मान खाली घातलीस.

आपल्या बागेचं तुला तिथेच आठवलं, हे मला कळलं. दीडशे कलमा मीच लावल्या होत्या, मीच खोल लावल्या. वाऱ्याने हलू नयेत म्हणून वरून मातीची भर दिली आणि पाणी बुंध्याशी सोडलं. सहाव्या-सातव्या वर्षी खोडं डिंक गाळायला लागली, पानं पिवळी पडली, एकशे दहा झाडं गेली. मी नशिबाला बोल लावला, नंतर कलमा देणाऱ्याला शिव्या दिल्या. सांध्यावर माती मी स्वतःच्या हाताने ओढली होती. तू ते लोकांसमोर बोलला नाहीस, हे मी ध्यानात ठेवलं आहे. पण मला सांगायला हवं होतंस रे. निदान फोनवर.

दुसरी गोष्ट त्या भिंतीवरच्या तक्त्याची. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. तीस वर्षं मी फवारतो आहे, मला तो कंपनीचा मार्का वाटायचा! 2017 साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, तू पाचवीत होतास. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधा होऊन माणसं दगावली. मलाही विहिरीपाशी उलटी झाली होती, दोन दिवस सगळं धूसर दिसत होतं. आईला सांगितलं, ऊन लागलं. दोन औषधं झाकणाने मोजून एकाच पंपात ओतली होती. त्रिकोण कोणत्या रंगाचा होता, आता आठवत नाही. तेव्हा पाहिलाच नव्हता तर आठवणार कुठून? तुझी आई निंबोळ्या वाळवून ठेवायची, 100 लिटर पाण्याला 5 किलोचा अर्क करा म्हणायची, तर मी हसायचो.

तुमच्याकडच्या बकऱ्यांच्या विक्रीचं मात्र मला पटकन पटलं. टांगत्या काट्यावर वजन, वहीत तारीख, किलोवर भाव. आपल्याकडे व्यापारी येतो, बोकडाच्या कमरेला चिमटा घेतो, आकडा सांगतो आणि आपण "पाचशे वाढवा" म्हणत बांधापर्यंत त्याच्या मागे जातो. काटा केवढ्याला येतो, विचारून ठेव.

सर नई तालीमचंही बोलले. 1937 साली वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हातच्या कामातून शिकवायचं मांडलं. खरं असेल. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही गुरुजींच्या घरचं पाणी भरलं.

येताना एक शंका डोक्यात होती. आपल्याकडे तीन एकर तरी आहे. पांढरकवड्याकडचा तो कोलाम आदिवासीचा पोरगा, ज्याच्या घरी गुंठाही नाही, तो शेती शिकून करणार काय? जेवताना त्यालाच विचारलं. म्हणाला, "काका, सीझनमधी शेंदुरजना घाटच्या संत्र्याच्या नर्सऱ्यांत जाईन डोळे बांधाले. नगावर पैसे भेटतेत." आणि दारव्ह्याची ती मुलगी मोटारीचं वाइंडिंग करत होती. काळ्या हातांनीच मला चहा दिला. आपली मोटार जळली की तालुक्याला नेऊन आठ दिवस तिष्ठत बसावं लागतं. तिने गावात दुकान टाकलं तर लोक पोरीच्या हातात मोटार देतील का? सुरुवातीला नाही देणार. मीही दिली नसती, खोटं कशाला बोलू.

प्रमाणपत्राचं तेवढं नीट विचार. बँकेत ते चालणार नसेल तर फ्रेम करून काय उपयोग? जेवणात तेल कमी असतं असं आईला सांगितलंस म्हणे. असू दे कमी.

सोमवार-मंगळवार मी बागेत होतो. उरलेल्या चाळीस झाडांच्या बुंध्यावरची माती खुरप्याने काढली. सांधे दिसायला लागले आहेत. आठ झाडांना डिंक आहे. बुंध्याला लावायच्या लेपाचं मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, असं तुझ्या वहीत पाहिलं होतं. पण आधी डिंक खरवडायचा किती खोल, ते कळलं नाही, म्हणून हात लावला नाही. तिळसंक्रांतीला येशील तेव्हा तू सांग, मी करतो.

आणि येताना तो चाकू आण. विहिरीमागे पाखरांनी टाकलेल्या बियांची जांभेरीची सात-आठ रोपं उगवली आहेत, पेन्सिलीएवढी झाली आहेत. बकरी खाऊ नये म्हणून मी भोवती काट्या लावल्या आहेत.

तुझा,
बाबा