बारीक जाळं बाहेर, मोठ्या आसाचं आत: उजनीच्या फुगवट्यावरच्या मच्छीमारांसाठी आवाहन

नमस्कार.

मृगाच्या तोंडावर हे आवाहन करतोय, कारण हातात दिवस थोडे आहेत. पावसाने जोर धरला की वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी दौंडवरून उजनीत उतरायला लागतं. असं गढूळ, वाहतं पाणी आलं की कटला, रोहू आणि मृगळ पोटात गाबोळी घेऊन प्रवाहाच्या उलटे वर चढतात. साठलेल्या पाण्यात ही मासळी अंडी घालत नाही, तिला पुराची ओढ लागते. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे लाखाच्या वर अंडी असतात. नेमक्या याच दिवसांत पात्र जिथे अरुंद होतं तिथे बारीक आसाची (आस म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचं माप) जाळी लागलेली असतात, आणि पुढे पिल्लं झाली की तीच जाळी त्यांनाही गोळा करतात.

आमची मुख्य मागणी एकच आहे. या पावसाळ्यात जो मच्छीमार आपलं बारीक आसाचं जाळं आमच्या मच्छीमार संस्थेकडे जमा करेल, त्याला त्याच दिवशी मोठ्या आसाचं जाळं बांधून द्यायचं. त्यासाठी सामान हवंय.

बारीक जाळं वाईट, हे इथल्या कुठल्याही भोयाला किंवा कोळ्याला सांगावं लागत नाही. बोटाएवढी बोटुकली आज सुकवून खाद्यासाठी विकली तर हातात चिल्लर येते आणि तीच वर्षभराने किलोच्या आसपास भरते, हा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. अडतं ते उचलीपाशी. जाळं, दोर, होडीची डागडुजी यासाठी हंगामाच्या सुरुवातीला व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि फिटेपर्यंत मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने घालायची. उचल डोक्यावर असताना रिकामं जाळं घरी न्यायची सोय नसते. मोठ्या आसाच्या जाळ्यात एखाद्या रात्री काहीच लागत नाही, वडापीत, म्हणजे बारीक आसाच्या जाळ्यात, काही ना काही येतंच. म्हणून वडाप सुटत नाही. दंड करून, जाळी जाळून हे थोडे दिवस थांबतं. पण उचल तशीच राहते आणि तिच्यासोबत वडापही परत येते, असं आमचं मत आहे.

त्यात 2024 चा उन्हाळा. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी आणि त्यातली 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठ्याची, म्हणजे शून्य टक्क्यांच्या खालची, त्यामुळे धरण शून्यावर आलं तरी मासेमारी चालू राहते. त्या वर्षी मात्र पाणी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं. पाणी असं आटलं की सगळी मासळी भीमेच्या जुन्या पात्रात दाटते आणि अंड्यावर येणारी मोठी मासळीसुद्धा सहज हाती लागते. चिलापी यातून लवकर सावरते, कारण तिला पूर लागत नाही आणि ती पिल्लं तोंडात सांभाळते. कटला-रोहूचं तसं नाही.

आता सामान. इथे नेमकेपणा लागतो, कारण चुकीचं जाळं आलं तर ते नुसतं पडून राहतं.

नायलॉनच्या एकपदरी धाग्याचं तयार जाळं हवं. आस चार इंच आणि सहा इंच, दोन्ही ताणून मोजलेले. दुकानात काही जण गाठ ते गाठ मोजून सांगतात. त्या मापाने दोन इंच म्हणजे ताणून चार इंच होतात. विकत घेताना एक डोळा दोन्ही टोकांना धरून ताणा आणि पट्टी लावा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. चार इंचीला धागा 0.20 मिमीच्या खाली नको. बारीक धागा पाण्यात दिसत नाही, मासळी जास्त लागते हे खरं. पण बुडालेल्या बाभळीच्या एका खोडाला अडकला की पाच-सहा हातांची चिंधी होते. फुगवट्याच्या तळाशी जुनी गावं, विहिरी आणि भिंती आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते सगळे बघतात, जाळं मात्र त्या दगडांना वर्षभर भेटत असतं.

जाळं नुसतं असून चालत नाही, ते दोरावर बसवावं लागतं. शंभर मीटर ताणलेलं जाळं पन्नास मीटर दोरावर चुणून बांधतात, म्हणजे डोळे चौकटीच्या पत्त्यासारखे उघडे राहतात. यापेक्षा ताठ बांधलं तर मासा आपटून माघारी वळतो. फार सैल सोडलं तर नको ती लहान मासळीही गुंतून मरते आणि मोठ्या आसाचा उपयोगच राहत नाही. म्हणून शंभर मीटर जाळ्यामागे वरचा आणि खालचा मिळून शंभर मीटर दोर, आणि टोकांना बांधायला दहा मीटर जास्तीचा. दोर पॉलिप्रॉपिलीनचा, चार ते पाच मिमी जाडीचा. वर बोये, खाली शिसं. तरतं जाळं हवं तर बोयांची तरंगवायची ताकद शिशाच्या वजनापेक्षा जास्त लागते, तळाला बसवायचं तर उलट. कटला वरच्या थरात चरतो, मृगळ तळाला, त्यामुळे दोन्ही प्रकार लागतात.

बोये थर्माकोलचे देऊ नका. ते भुगा होऊन पाण्यात राहतात. घट्ट फोमचे किंवा प्लास्टिकचे बोये चालतील, आणि तेही नसतील तर जुन्या रबरी चपला द्या. तळ स्वच्छ धुऊन काडेपेटीएवढे तुकडे कापले आणि मधोमध भोक पाडलं की वर्ष-दोन वर्षं टिकणारा बोया होतो. शहरातल्या प्रत्येक घरात हे सामान पडून असतं. जाळं विणायच्या सुया आणि शिवणाचा जाड धागाही हवा. चुणण्याचं, बांधण्याचं काम संस्थेतल्या बायका करतील. जाळ्याची बहुतेक दुरुस्ती आजही त्यांच्याच हातांनी होते.

दुरुस्तीवरून सकर माशाचं सांगायलाच हवं. काचेच्या टाकीतली शेवाळ खायला आणलेला हा दक्षिण अमेरिकेतला मासा मोठा झाला की लोक नदीत सोडून देतात. अंगावर हाडांची खवलं, परांना ताठ काटे. जाळ्यात शिरला की काटे उघडून बसतो. ओढून निघत नाही, जाळ्याचे डोळे कापूनच काढावा लागतो, आणि एका माशामागे ताटाएवढं भोक पडतं. त्याला गिऱ्हाईक नाही. टाकीतला मासा नदीत, ओढ्यात, तळ्यात सोडू नका, एवढं केलंत तरी आम्ही ती देणगीच समजू.

यानंतर जॅकेट. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. मच्छीमाराची होडी त्याहून लहान असते आणि तो निघतो अंधारात. तरीही तो जॅकेट घालत नाही, कारण नेहमीच्या जॅकेटचे बकल जाळ्यात अडकतात आणि जाळं टाकताना तेच त्याला पाण्यात ओढू शकतात. म्हणून पुढून चेनचं, बकलवर झाकण असलेलं, हात मोकळे राहतील असं फोमचं जॅकेट पाहिजे, शिट्टीसकट. हवा भरायचं नको, काट्याने फुटतं. होडीवर दोघे असतात, त्यामुळे एका होडीला दोन. वापरलेलं देणार असाल तर आधी फोम दाबून बघा. दाबल्यावर परत वर येत नसेल तर ते जॅकेट देऊ नका.

शेवटी बर्फाच्या पेट्या. रात्री जाळ्यात मेलेली मासळी पहाटेपर्यंत कोमट पाण्यात असते, म्हणून ती लवकर खराब होते. लिलावाला पोचेपर्यंत डोळा खोल गेला, कल्ला तपकिरी पडला की भाव निम्म्यावर. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ लागतो, तोही फोडून, एक थर बर्फ एक थर मासळी असा. पेटीला तळाशी पाणी निघायचं भोक नसेल तर वितळलेल्या पाण्यात मासळी भिजून मऊ पडते. झाकणाच्या, जाड भिंतीच्या, पन्नास ते सत्तर लिटरच्या पेट्या द्या. त्याहून मोठी पेटी भरल्यावर काठावरून दोघांना उचलत नाही.

रोख रक्कम घेणार नाही. वस्तूच द्या. पैशांवरून वाद होतात, आणि दुकानात जाऊन आस ताणून बघणारा माणूस आम्हाला जास्त उपयोगाचा वाटतो. आलेली प्रत्येक वस्तू आणि ती कोणाच्या होडीवर गेली, याची वही कार्यालयात उघडी राहील. जमा झालेली बारीक जाळी दोर-शिसं काढून तुकडे करून भंगारात जातील. दोर आणि शिसं नव्या जाळ्याला लावू.

सामान सकाळी अकरानंतर आणा. त्याआधी सगळे लिलावाला असतात. जाळं उन्हात ठेवलेल्या गाडीत दिवसभर राहू देऊ नका, उन्हाने नायलॉन कुजतं. पोत्यात घालून, तोंड बांधून आणा आणि पोत्यावर आस आणि लांबी खडूने लिहा.