शाळांचे मूडल सॉफ्टवेअर चालवायला तालुक्यात पगारी माणूस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दापोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. शाळांना सॉफ्टवेअर देण्याची चर्चा आमच्याकडे ‘विद्यार्थ्यामागे किती पैसे’ इथेच सुरू होते आणि तिथेच संपते. ते सांभाळणार कोण, हे कुणी विचारत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले. दापोली-मंडणगडातली कित्येक गावे त्यानंतर बरेच दिवस अंधारात होती, मोबाइलचे टॉवरही बंद होते. पुढे शाळेने एका कंपनीचे अ‍ॅप वार्षिक शुल्क भरून घेतले. दुसऱ्या वर्षी शुल्क जमले नाही आणि खाते बंद झाले. शिक्षकांनी रात्री जागून तयार केलेले प्रश्न आणि मुलांचे गुण, सारेच त्यात अडकले. ते प्रश्न आमचे होते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता आमच्या संगणक कक्षातल्या एका जुन्या संगणकावर मूडल चालते. अभ्यासक्रम मांडायचे आणि चाचण्या घ्यायचे हे सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियाचे मार्टिन डुगियामस यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ते स्वतः लहानपणी दूरच्या ओसाड प्रदेशात रेडिओवरून शाळा शिकले होते. मूडल जीपीएल परवान्याखाली मिळते, म्हणजे कोणीही ते वापरावे, बदलावे, पुढे द्यावे. हा संगणक, म्हणजे सर्व्हर, शाळेतच असल्याने पावसात इंटरनेट गेले तरी मुले शाळेच्या वायफायवर चाचणी सोडवतात.

गणिताच्या शिक्षकाला त्यातली एक सोय फार मोलाची आहे. चक्रवाढ व्याजाचे एकच उदाहरण घालायचे, सूत्र द्यायचे. मुद्दल, दर आणि मुदत प्रत्येक मुलाला वेगवेगळी येते. शेजाऱ्याच्या उत्तराचा उपयोगच नाही, त्यामुळे मुले एकमेकांना उत्तर न विचारता रीत विचारतात. वर्गातली ही कुजबुज मी मुद्दाम थांबवत नाही. शिवाय पूर्ण अभ्यासक्रम एका फाइलमध्ये काढता येतो. मी तो पेनड्राइव्हवर हर्णैच्या एका शिक्षिकेला दिला. तिने तो आपल्या मूडलवर चढवला, भूमितीचे प्रश्न वाढवले आणि मला परत पाठवला.

असे मुक्त सॉफ्टवेअर सरकारी कामाला चालत नाही, असे कुणी म्हणू नये. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक व्यासपीठ ‘सनबर्ड’ या मुक्त सॉफ्टवेअरवरच उभे आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओंच्या उपक्रमात मूडल शिकवणारे पाठही आहेत.

अडते ते देखभालीवर. परवान्याला पैसे लागत नाहीत, पण नवी आवृत्ती चढवणे, सुरक्षेच्या त्रुटी बुजवणे, बॅकअप घेणे, बिघडलेली डिस्क बदलणे हे कुणीतरी नेमाने करायला हवे. आमच्याकडे हे काम पुण्यात नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी करतो, तेही गणपतीला किंवा शिमग्याला गावी आला की. घरात गौरी बसलेल्या आणि तो आमच्या संगणक कक्षात, हे मला बघवत नाही. त्याच्या रजेवर शाळेचा सर्व्हर किती काळ चालवायचा?

जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे की प्रत्येक तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात या कामासाठी एक पगारी तंत्रज्ञ नेमावा. संगणकशास्त्राचे पदवीधर इथल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडतात आणि कामासाठी मुंबईची गाडी धरतात. त्यांच्यातूनच ही जागा भरता येईल. आणि यापुढे कोणत्याही कंपनीचे सॉफ्टवेअर घेताना करारात एक अट लिहून घ्यावी: करार संपला की शाळेचे प्रश्न आणि मुलांचे गुण दुसरीकडे वापरता येतील अशा स्वरूपात शाळेला परत मिळाले पाहिजेत.

आपली,
एक गणित शिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी